मीटर किती ठेवू?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातल्या छोट्या जाहिराती मी चहाबरोबर वाचतो. आधी जुन्या गाड्यांचा रकाना, मग बाकीचा पेपर, अशी जुनी सवय आहे. गेल्या रविवारी त्या रकान्यात अकरा चारचाकी होत्या. त्यातल्या नऊ ‘कमी रनिंग’च्या आणि चार ‘डॉक्टर युज’. कोल्हापुरातले एवढे डॉक्टर दर आठवड्याला गाडी विकायला काढत असतील, तर दवाखान्यात जातात तरी कशानं? एक गाडी २०११ची, रनिंग ४६ हजार. दुसरी २०१३ची, डिझेल, रनिंग ३९ हजार. डिझेल गाडी माणूस पळवायला घेतो. वर्षाला सव्वातीन हजार किलोमीटरच फिरायचं असतं, तर त्या भल्या माणसानं जादा पैसे मोजून डिझेल कशाला घेतली असती?

कुणाकडं बोट दाखवायचं तर सुरुवात माझ्यापासून करतो. १९८१ ते २०१६ अशी पस्तीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात माझं स्पीडोमीटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय बारा, वर पत्रा. शेजारी लेथ, समोर वेल्डिंग. केबल बदलणं, काटा थरथरत असेल तर बसवणं, फुटलेली काच घालणं ही रोजची कामं. आणि मीटर मागं घेणं, म्हणजे गाडी कमी पळालेली दिसावी म्हणून किलोमीटरचा आकडा कमी करून ठेवणं, हेही.

तेव्हाच्या मीटरात गूढ असं काही नव्हतं. गिअरबॉक्समधून केबल वर यायची, ती मीटरमधला वर्म, म्हणजे पेचासारखा गिअर, फिरवायची, आणि आकड्यांच्या पाच चकत्या एकमेकींना ढकलत पुढं सरकायच्या. आकडे पाचच असल्यामुळं ९९,९९९ झाले की पुन्हा सगळी शून्यं. त्यामुळं जुन्या ॲम्बेसिडरच्या मीटरवर ४० हजार दिसले, तर ते ४० हजार, १ लाख ४० हजार की २ लाख ४० हजार, हे त्या मीटरलाही ठाऊक नसायचं. मागं घ्यायचं तर कडेची पत्र्याची रिंग बारीक स्क्रूड्रायव्हरनं उचकटायची, काच बाजूला, काटा बाजूला, डायल सोडवायची, दोन चकत्यांमधलं इवलंसं दातेरी पिनियन सारायचं आणि चकत्या बोटानं फिरवायच्या. अर्ध्या तासाचं काम, पन्नास रुपये. केबल बदलायचे पंचवीस मिळायचे, यावरून काय ते समजा. काम सुरू करण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारायचो, “किती ठेवू?” न्हावी केसाबद्दल विचारतो तसं. उत्तरही ठरलेलं असायचं, “पस्तीस-चाळीस ठेवा. लई कमी नको, संशय येतोय.”

वडापवाल्या, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या, जीप आणि ट्रॅक्सचा प्रकार त्याहून सोपा. ते महिन्यातले पंधरा दिवस केबलच सोडून ठेवायचे. मीटर मागं घ्यायचा प्रश्नच नाही, तो पुढंच जायचा नाही.

१९९१ सालची गोष्ट. एका एजंटाची ॲम्बेसिडर आली. मीटरवर ८७ हजार होते, पण त्याआधी तो एकदा शून्य होऊन आलाय हे मला माहीत होतं, कारण त्या गाडीची केबल मीच दोनदा बदललेली. मी तो ३८ हजारांवर आणून ठेवला. तीन-चार महिन्यांनी तीच गाडी पुन्हा दारात. आता भुदरगडकडच्या एका माणसानं ती घेतलेली. उसाच्या बिलाचे पैसे, वर सोसायटीचं कर्ज; लग्नाला, पेशंट न्यायला भाड्यानं लावायची म्हणून. काटा थरथरतोय एवढीच तक्रार होती. मला मीटर दाखवत म्हणाला, “बगा मेस्त्री, नुसतं एक्केचाळीस हजार झाल्यात. अशी गाडी मिळायला नशीब लागतंय.” मी केबल काढली, पुसली, ग्रीस भरलं, काटा थरथरायचा थांबला. पैसे घेतले नाहीत. मेस्त्री मोठ्या मनाचा दिसतोय, असं त्याला वाटलं असणार. जाताना डिकीतनं काढून गुळाची ढेप देऊन गेला.

त्या दिवसापासून ते काम सोडलं असं लिहिलं तर बरं दिसेल. पण आणखी दोन वर्षं केलं. मग सोडलं.

हे सगळं आज लिहायचं कारण माझा भाचा. तो गारगोटीत शिक्षक आहे. २०२३च्या उन्हाळ्यात त्यानं हायवेलगतच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून २०१२ची डिझेल गाडी ३ लाख ४० हजारांना घेतली. मीटरवर ६१,२१२. घेऊन झाल्यावर मला फोन. मी म्हटलं, “अरे, आधी दाखवायची तरी होतीस.” तर म्हणाला, “मामा, तुमचा काळ केबलचा. ही डिजिटल हाय, हिला कोण हात लावतंय?”

शिकलेल्या माणसाचा हाच गैरसमज आहे. मला निदान स्क्रूड्रायव्हर लागायचा. आता पोरगा स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर खोचतो, लॅपटॉपवर हवा तो आकडा टाकतो, झालं. काही गाड्यांचा मीटर खोलून आतल्या आठ पायांच्या मेमरी चिपला क्लिप लावावी लागते, एवढाच त्रास. आमच्या वेळी फिरवलेल्या चकत्या नीट ओळीत बसायच्या नाहीत, एखादा आकडा वर चढलेला दिसायचा आणि जाणकाराला कळायचं. डिजिटल आकडा खोटा असला तरी ओळीत ताठ उभा राहतो. काही गाड्यांत हाच आकडा आणखी एखाद्या कंट्रोल युनिटमध्येही साठलेला असतो आणि तिथं बदलायचा राहून जातो. स्कॅनर लावणारा हुशार असेल तर तिथं चोर सापडतो.

महिन्याभरात भाचा बायकामुलांना घेऊन कोकणात निघाला आणि फोंडा घाट चढून परत येताना क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी पुढं सरकत नाही. कशीबशी राधानगरीपर्यंत आणली. पुढच्या रविवारी गाडी माझ्या दारात.

मी मीटर बघितलाच नाही. ड्रायव्हरचं दार उघडून जरा वर उचलून पाहिलं, तर बिजागरीत खेळ. दार हजारो वेळा उघडल्याशिवाय ते सैल होत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवरचे रबर कोरे करकरीत. अकरा वर्षांच्या गाडीला कालचे रबर, म्हणजे जुने का काढले? जुना झिजलेला रबर मला कधीही जास्त खरा वाटतो. स्टिअरिंगला नवीन कव्हर. त्याची शिलाई सोडवली तर आतलं प्लॅस्टिक उजव्या हाताच्या जागी आरशासारखं गुळगुळीत. सीटला नवी कव्हरं, पण खालचा फोम उतरताना मांडी घासते त्या बाजूला बसका. सीटबेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला, तर त्याच्या कडा पिंजलेल्या.

मग चाकं. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१९’ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. भाच्याच्या चारही टायरांवर २०२० साल होतं. त्यानं लगेच वकिली केली, “मामा, टायर वयानंही कडक होतात, म्हणून बदलले असतील.” बरोबर आहे, होतात. म्हणून मी डिकीतली स्टेपनी काढायला लावली. स्टेपनीकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही. गाडी खरंच कमी पळालेली असेल, तर स्टेपनी बहुतेक वेळा कंपनीची, गाडीच्याच सालातली आणि कोरी मिळते. हिची स्टेपनी २०१६ची, तीही तुळतुळीत. म्हणजे २०१६च्या सुमाराला गाडीला टायर पडलेले, ते झिजवून २०२० मध्ये पुन्हा नवे. ६१ हजारांत हा तिसरा जोड कसा बसतो, हे मी गुरुजींना गणित म्हणून घातलं.

शेवटी बॉनेट. ऑइल बदलल्याचं स्टिकर असतं, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. ते खरवडून काढलेलं. डिंकाचा चौकोन तेवढा राहिलेला. पण मला मेस्त्री लोकांची एक खोड माहीत आहे. कागद फाटतो, तेलानं पुसतो, म्हणून काही जण एअर फिल्टरच्या डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूनं मार्करनं लिहून ठेवतात. चार क्लिपा काढून झाकण उलटं केलं. पांढऱ्या मार्करनं, घाईच्या अक्षरात, ‘९८४०० – ११/१९’.

भाचा बराच वेळ ते झाकण हातात धरून उभा होता. म्हणजे नोव्हेंबर २०१९ मध्ये गाडी ९८ हजार पळालेली होती आणि साडेतीन वर्षांनी ६१ हजार. ज्या कुणा मेस्त्रीनं ते लिहिलं, त्याला मी ओळखत नाही. पण त्या माणसानं मला पस्तीस वर्षांच्या धंद्यात वाटली नव्हती तेवढी लाज वाटायला लावली.

व्यापाऱ्यानं सहीचा कागद पुढं केला. ‘गाडी आहे त्या स्थितीत पाहून, पसंत करून घेतली.’ खाली भाच्याची झोकदार सही. तरीही जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता आलं असतं. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं फीसुद्धा लागत नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. शाळा, निवडणुकीची ड्युटी, दहावीचे पेपर असं करत गुरुजींनी ती मुदत घालवली. दुसरीही एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची खबर ऑनलाइन द्यायची असते. ताब्यातली गाडी कोण, कशाला, किती किलोमीटर फिरवतो याची नोंदवहीही त्यानं ठेवायची असते. गाडी बघायला गेल्यावर अधिकारपत्र आणि नोंदवही दाखवा म्हणून विचारायला काही पैसे पडत नाहीत. मी विचारून पाहिलं, एकदा दोन ठिकाणी. एकानं चहा मागवला, दुसऱ्यानं विषय बदलला.

गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जात असेल, तर प्रत्येक सर्व्हिसिंगला किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाला बरोबर घेऊन गेलात तर इतिहास मिळू शकतो. पण वॉरंटी संपली की आपल्याकडची निम्मी माणसं ओळखीच्या मेस्त्रीकडं जातात आणि तिथून पुढचा इतिहास मेस्त्रीच्या डोक्यात, नाहीतर फिल्टरच्या झाकणावर.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, कमी रनिंगचीच पण खरी गाडी शोधावी. मी शोधली होती. २०१८ मध्ये ताराबाई पार्कातल्या एका घरची दहा वर्षांची पेट्रोल गाडी घेतली. रनिंग १९ हजार, आणि आकडा अस्सल. कागद, पेडल, स्टेपनी सगळं जुळत होतं. घरचे गृहस्थ वारले होते आणि गाडी तीन-चार वर्षं कव्हरखाली उभी. पहिल्याच महिन्यात पेट्रोल पंप अडकला, कारण टाकीत जुन्या पेट्रोलचा राळेसारखा थर. ब्रेकचे सिलिंडर गंजलेले, टायरांना भेगा, रबरी नळ्या बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. ४३ हजार रुपये घातले तेव्हा कुठं ती धड चालायला लागली. आमच्या शेजारच्या हार्डवेअरवाल्याची गाडी तेव्हा १ लाख ८० हजारांवर होती. दर आठवड्याला पुणे, एका बाजूला सुमारे २३० किलोमीटर, बहुतेक सगळे टॉप गिअरमध्ये, आणि ऑइल कधी चुकवलं नाही. त्याचं ऑइलचं झाकण इंजिन चालू ठेवून काढलं तरी धूर नाही, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब उलटा झाकणातून बाहेर येणं, नाही. महाद्वार रोडला रोज संध्याकाळी क्लचवर पाय ठेवून मुंगीसारखी सरकणारी गाडी चाळीस हजारांत जेवढी थकते, तेवढी हायवेवरची लाखातही थकत नाही. ट्रॅक्टर घेताना आपला शेतकरी किलोमीटर विचारतच नाही, तास विचारतो. इंजिन किती वेळ चाललं, ते. गाडीच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी पहिला प्रश्न टाकतो, “रनिंग किती?”

कोल्हापुरात तर आणखी एक गोष्ट आकड्याच्या वर बघायला हवी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला, नदीकाठच्या गावांत गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन, पुसून पुन्हा विकल्या गेल्या. अशा गाडीचं रनिंग कमी असणारच. पट्टा शेवटपर्यंत ओढा, गुंडाळीच्या आतल्या टोकाला मातीची आडवी रेघ राहिलेली असते, ती कुणी धूत नाही. कार्पेटचं टोक उचला, सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ हातानं चाचपा. पंचगंगेचा गाळ बारीक असतो आणि वाळला तरी वास सोडत नाही.

आता माझी मागणी, जिच्यासाठी पत्राला बसलो. आमच्या समोरच्यांची मुलगी इंग्लंडात मँचेस्टरला असते. तिनं तिथं जुनी गाडी घेताना फोनवर मला सगळा इतिहास वाचून दाखवला. तिकडं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी कायद्यानं सक्तीची तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. प्रत्येक तपासणीला मीटरचा आकडा नोंदला जातो आणि गाडीचा नंबर टाकला की तो कुणालाही इंटरनेटवर फुकट दिसतो. एखाद्या वर्षी आकडा मागं आला की पोरासोरालाही कळतं. आपल्याकडं अशी तपासणी नाही, पण पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी, आहे. बीएस-४ या धुराच्या मानकाच्या आणि त्यापुढच्या गाडीला वर्षातून एकदा, जुनीला सहा महिन्यांनी. पीयूसीवाला नंबरप्लेटचा फोटो काढतो, तो ऑनलाइन चढवतो. माझ्या गाडीच्या पीयूसीच्या कागदावर धुराचा आकडा आहे, मोबाइल नंबर आहे, फीसुद्धा आहे. किलोमीटरचा रकाना नाही. दार उघडून मीटरचा एक फोटो काढायला दहा सेकंद लागतील. परिवहन खात्यानं एवढा रकाना वाढवावा, आणि तो नंबर टाकणाऱ्या प्रत्येकाला दिसावा. पळवाटा निघतील. गाडीचं नखही न बघता पीयूसी देणारेही आहेतच. पण दरवर्षी पीयूसीच्या आधी मीटर मागं घेत बसणं हे माझ्यासारख्यालाही परवडलं नसतं.

आपल्या जाहिरात विभागालाही एक विनंती. ‘कमी रनिंग’ हे शब्द छापण्याऐवजी आकडा आणि तो कोणत्या तारखेचा, एवढं मागा.

गेल्या महिन्यात भाच्यानं ती गाडी विकायला काढली. मीटरवर आता ७४ हजार. मला विचारलं, “मामा, जाहिरातीत काय लिहू?” मी सांगितलं तसं त्यानं लिहिलं, ‘२०१२, डिझेल, एमएच ०९ पासिंग, क्लच नवीन. मीटरवर ७४ हजार, तो आकडा खरा नाही. खरं रनिंग सव्वा लाखाच्या पुढं.’ जाहिरात आपल्याच पेपरात तीन रविवार आली. दोन फोन आले. पहिल्यानं गाडी एवढी पळालेली आहे म्हटल्यावर ठेवून दिला. दुसरा म्हणाला, “सर, मीटरवर हाय तेवढंच सांगायचं की. आमी कुठं विचारतोय?”

आपला,
एक निवृत्त मीटर मेस्त्री
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती. जुनी गिऱ्हाइकं अजून भेटतात.)